चार जोड्या, एक पेन्सिल

ती. जाऊबाईंना धाकट्या जावेचा नमस्कार. (वाकून नाही, बसूनच. माझा गुडघा तुम्हाला माहीत आहे.) तुमची पाठ आता कशी आहे? मोठ्या भाऊजींचा खोकला गेला का, की अजून खोकत खोकतच वर्तमानपत्र वाचतात? आमच्याकडे दोघांचीही तब्येत ठीक आहे, आणि विशेष म्हणजे दोघांचं एकमेकांशी बोलणं चालू आहे. हे वाचून तुम्ही चष्मा पुसाल, म्हणून परत लिहिते: चालू आहे. तुमचे उपकार कसे फेडावेत ते कळत नाही, तेव्हा निदान काय काय घडलं ते सांगते.

मार्चमध्ये मी तुम्हाला लिहिलं होतं, की उन्हाळाभर तुमच्याकडे येऊन राहते, तिकीट पाठवा, पुढचं पुढे बघू. तो राग खोटा नव्हता. चौतीस वर्षं लिफ्ट तपासणारा माणूस निवृत्त होऊन घरी बसला की घर तपासायला लागतो, हे लग्नाच्या वेळी मला कोणी सांगितलं नव्हतं. आधी बिजागऱ्या झाल्या, मग कुकरची रबरी रिंग झाली, मग माझ्या कपाटावर ह्यांनी 'कमाल भार' अशी चिठ्ठी चिकटवली. (आत माझे कपडे आहेत, प्रवासी नाहीत.) मी लोकांच्या पँटी आखूड करायला मशीनवर बसले की मागे उभं राहून टाके मोजायचे. बरं, बोलतील म्हणावं तर तेही नाही. नुसतं हुं करायचे आणि वहीत काहीतरी लिहायचे. शेवटी मी बॅग भरून पलंगाखाली ठेवली. ह्यांनी ती बाहेर काढली, उचलून वजनाचा अंदाज घेतला, होती तिथे परत ठेवली, आणि कुठे निघालीस एवढंही विचारलं नाही.

मी तिकिटाची वाट बघत होते आणि आलं भलंमोठं पार्सल. आठ प्रेमकथा, दोन-दोन सुतळीने बांधलेल्या, प्रत्येक जोडीत एक जुनी पिवळ्या पानांची आणि एक आत्ताची गुळगुळीत कव्हराची. वर तुमची चिठ्ठी: जुनी त्याने वाचायची, नवी तू, मग अदलाबदल, जोडी संपली की चहाच्या वेळी एकमेकांना एक तरी गोष्ट सांगायची, चारही जोड्या संपवूनसुद्धा यावंसं वाटलं तर तिकीट त्याच दिवशी पाठवते, पुस्तकं खराब न करता परत करावीत. (शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त झालात, पण ती शेवटची ओळ काही तुमची सुटत नाही.) खरं सांगते, मी चिडले. माझा इथे जीव चाललाय आणि ह्या कादंबऱ्या पाठवतात, असं भिंतीला म्हणाले. माफ करा.

पहिल्याच दुपारी घोटाळा झाला. ह्यांनी सुतळी सोडली, दोन्ही पुस्तकं उचलली आणि खिडकीपाशी जाऊन बसले. एक प्रकरण जुन्यातलं, एक नव्यातलं, परत जुन्यातलं. मी माझं पुस्तक मागितलं तर म्हणाले, शेजारी-शेजारी दोन लिफ्ट असल्या की मजल्यामजल्याने दोन्ही बरोबरच तपासायच्या, नाहीतर फरक कळत नाही. मी कपाळाला हात लावला. दोन दिवसांनी चहाला अहवाल सादर झाला. जुन्या गोष्टीत नायक नायिकेचा हात एकशे चाळिसाव्या पानावर धरतो. नव्या गोष्टीत नवव्या पानावर लग्न होतं आणि दहाव्यापासून दोघं बोलत नाहीत. दार दोन्हीकडे वेळेवर उघडत नाही. जाऊबाई, चहा पिताना ह्यांना एवढं सलग बोलताना मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. माझा चहा गार झाला तरी मी उठले नाही.

मग ती पुस्तकं माझ्या हातात आली, तर समासात पेन्सिलीने बरोबरच्या खुणा आणि जागोजागी 'दोष'. (इथे तुम्ही जरा बसून घ्या.) नायक रुसला, दोष. नायिका न सांगता माहेरी गेली, दोष, गंभीर. माझं डोकंच फिरलं, आणि नेमकी हातात कापडावर खुणा करायची निळी पेन्सिल होती. मी खाली लिहिलं, 'दोष तिचा नाही. कुठे निघालीस असं तिला कोणी विचारलंच नाही.' पुस्तक ह्यांच्या उशीवर आपटलं. दुसऱ्या दिवशी त्याच पानावर उत्तर होतं: 'विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. त्याचीच भीती.'

दुसऱ्या जोडीवरून आमचं कडाक्याचं भांडण झालं, पण ते गोष्टीतल्या माणसांवरून, आमच्यावरून नाही, आणि त्यात काय मजा असते ते मी विसरूनच गेले होते. नव्या कादंबरीतल्या मुलीला दोघे जण मागणी घालतात. ह्यांचं मत वेळेवर येणाऱ्याला, माझं हसवणाऱ्याला. पँट न्यायला आलेल्या पोस्टमनलाही आम्ही मत विचारलं. (तो म्हणाला, तिने आधी नोकरी धरावी.)

तिसऱ्या जोडीतल्या जुन्या गोष्टीत एक बाई अकरा वर्षं रोज नवऱ्याचं ताट वाढून वाट बघते. तिथे ह्यांनी नेहमीसारखं लिहिलं होतं, 'एवढं थांबायला लावणं म्हणजे देखभालीत हयगय.' आणि खाली बारीक अक्षरात: 'ती माझ्याकडूनही झाली आहे. कुठे लोक अडकलेत असा फोन आला की मी ताटावरून उठून जायचो. घरी कोण अडकलंय ते बघायचं राहिलं.' मी ते पान धरून मशीनपाशीच रडले. गिऱ्हाइकाची पँट भिजली, ती परत इस्त्री करावी लागली. बॅग त्याच संध्याकाळी रिकामी केली. ह्यांनी एकेक कपडा हातात दिला, कपाटाच्या भाराकडे लक्ष ठेवून.

मागितलं ते न देता हवं होतं ते देणारी माणसं फार थोडी असतात, जाऊबाई. माझ्या वाट्याला तुम्ही आलात. मोठ्या भाऊजींना नमस्कार सांगा.

तुमची,
धाकटी

ता. क. चौथी जोडी काल संपली. तिकीट पाठवू नका.

ता. क. आणखी एक. खरं तर ह्याचसाठी पत्र लिहायला बसले आणि धीर होईना म्हणून एवढं लांबवलं. पुस्तकं परत मागू नका. आठही नवी घेऊन देते. पेन्सिल खोडता येते हे मला माहीत आहे, आणि तुमच्याकडे खोडरबर कायम असतो हेही माहीत आहे, म्हणूनच म्हणते.

ता. क. हे पत्र ह्यांना दाखवलेलं नाही.

(खाली पेन्सिलीने)

वहिनी, पाकीट बंद होण्यापूर्वी पत्र तपासलं. दोष दोन. पहिला: मी टाके मोजत नव्हतो. तिचे हात चालताना बघत होतो. दुसरा: तिकीट नको असं लिहिलं आहे. तिकिटं पाठवा, दोन. पुस्तकं दाखवायला आणू, पण ठेवून घ्यायची नाहीत. बाकी पत्र वापरास योग्य. बॅग ह्या वेळी मी भरतो.