मागच्या डाव्या स्पीकरमधला खोकला

वाशिंद,
१३ फेब्रुवारी २००५

तीर्थरूप बाळाराममामांना,
संघरत्नाचा सविनय जयभीम.

आम्ही इकडे सगळे खुशाल आहोत (आईचा उजवा गुडघा सोडून, पण तो खुशाल असल्याचं मी आजवर कोणत्याच पत्रात लिहिलेलं नाही, त्यामुळे काळजीचं कारण नाही). भुसावळला थंडी ओसरली असेल. तुम्ही सकाळी कानटोपी न घालता फाटकापर्यंत फिरायला जाता असं कळलं, ते आईला सांगितलेलं नाही. पत्र नेहमीप्रमाणे सारिकावहिनीच वाचून दाखवणार. वहिनी, सावकाश वाच. कंसातलं मोठ्याने वाचायचं की मनात, हे तुझं तू ठरव, आणि मामांच्या हातात चहा दिल्याशिवाय दुसऱ्या पानाला हात लावू नकोस.

हे पत्र एका खोकल्याबद्दल आहे. आधीच सांगते, नाहीतर कोण आजारी पडलं म्हणून तुम्ही पुढच्या गाडीने निघाल. खोकला जुना आहे, एकोणीसशे शहात्तर सालचा, आणि ज्याचा कुणाचा होता त्याला तेव्हाच बरं वाटलं असावं. प्रश्न एवढाच आहे की तो ठेवायचा की पुसायचा. जानकीमामी म्हणतात ठेवायचा, कारण तो आपल्या गोमामामांचा आहे, आणि गोमामामा गेल्यापासून त्यांचा आवाज असा घरात कुठेच उरलेला नाही. सुनिल सर म्हणतात पुसायचा. सोमवारी, २१ तारखेला, तो ज्या टेपवर आहे ती टेप पुढे डीव्हीडीच्या चकत्या काढायला जाईल, त्याच्या आत ठरलं पाहिजे, आणि ठरवायचं काम माझ्याकडे आलं आहे. (घरातली पहिली शिकलेली मुलगी असण्याचा हा परिणाम. आपल्याकडे मी रेशनचं कार्ड वाचते, औषधाची बाटली वाचते, आणि आता खोकला कुणाचा तेही मीच वाचून सांगावं अशी अपेक्षा आहे.)

सुनिल सर म्हणजे ज्यांच्याकडे मी नोकरी करते ते. सिद्धगडाच्या पायथ्याचे आहेत. त्यांच्या घरी भात आणि नाचणी पिकते, आणि घरच्यांची समजूत आहे की मुलगा वाशिंदला टीव्ही दुरुस्त करतो. सरांनी ती तशीच राहू दिली आहे, कारण खरं सांगायला बसलं तर भात लावणी संपेल. खरं असं आहे. वाशिंदच्या एका कारखान्यात पूर्वी एक साहेब होते, त्यांना गाणं टिपून ठेवायचा नाद. त्या काळात परदेशात चार बाजूंनी ऐकायचं गाणं निघालं होतं, त्याला क्वाड्राफोनिक म्हणत. दोन स्पीकर तुमच्यापुढे, दोन पाठीमागे, मध्ये तुम्ही. साहेबांनी तसलं यंत्र आणवलं आणि शहापूरच्या मांडवात बुवांचं गाणं झालं तेव्हा दोन माइक बुवांपुढे लावले आणि दोन मागच्या बांबूंना बांधले, म्हणजे मांडवातली हवासुद्धा यावी. मागे डावीकडच्या बांबूशी कोण बसत होतं हे तुम्हाला मी सांगायला नको. चपला आणि आपली माणसं. साहेब वारले, चार बाजूंचं गाणं ऐकायची यंत्रंही बंद पडली, आणि टेपा माळ्यावर गेल्या. आता घरोघरी पाच स्पीकर आणि एक मोठा डबा असलेली होम थिएटरं आली आहेत, म्हणून सरांनी साहेबांच्या मुलीकडून टेपा रीतसर घेतल्या आणि ते गाणं नव्या चकतीवर जसंच्या तसं आणायचं ठरवलं. माझं काम म्हणजे जुनं आणि नवं ताडून बघणं. चकतीच्या पाकिटात पुस्तिका जाईल, त्यात शेवटी छापायचं आहे: ‘मूळ ध्वनिमुद्रणाशी पडताळून पाहिले, संघरत्ना.’ आपल्या घरातलं नाव छापलं जाण्याची ही पहिलीच वेळ, म्हणून माझी झोप गेली आहे.

आधी टेप वाजेचना. इतक्या वर्षांत तिच्यावरचा लेप चिकट झाला होता, मशीनवर चढवली की कोंबडी धरल्यासारखी ओरडायची. अशी टेप मंद उबेत सुकवावी लागते हे सरांनी इंटरनेटवर वाचलं. तेवढीच ऊब देणारं एकच यंत्र आपल्या भागात निघालं, ते म्हणजे वैशाखऱ्याच्या बचत गटाचं पापड वाळवायचं विजेचं कपाट. मी टेप मांडीवर घेऊन एसटीने गेले. तिथल्या बाईजाबाईंना मी सगळं शास्त्र समजावून सांगितलं. त्या ऐकून घेतात आणि म्हणतात, “गानं सुकवायचंय ना? मग वरच्या जाळीवर ठेव. खाली मिरगुंडं हायेत, त्यांना गान्याचा वास लागंल.” वास उलटा लागला. टेप अगदी छान वाजली, पण ती लावली की सरांच्या खोलीत जिरं आणि हिंग दरवळतं. मी पुस्तिकेसाठी लिहिलं होतं, ‘ही टेप वैशाखरे येथील पापडाच्या कपाटात ठेवून दुरुस्त केली आहे.’ सरांनी ते खोडून ‘नियंत्रित उष्णतेत’ असं केलं. हे खोटं नाही, म्हणून मी गप्प बसले. पूर्ण खरंही नाही, म्हणून दोन दिवस जेवण गेलं नाही.

मग सर म्हणाले, साध्या माणसाच्या साध्या घरात ऐकून बघायला हवं, आणि सगळा संच आमच्या घरी आणून लावला. (साधी माणसं म्हणून आपली निवड झाली हे ऐकून आईला आनंद झाला नाही.) पुढचा एक स्पीकर शिलाई मशीनवर, एक बुद्धमूर्तीच्या फळीखाली, मागचा एक गॅसजवळ तेलाच्या डब्यावर आणि डावा मागचा दाराशी, चपलांच्या कोनाड्यावर. अडचण अशी आहे मामा, की हे गाणं नीट ऐकू येणारी जागा घरात एकच असते, बरोबर मध्यावर. तिथे खुर्ची ठेवली. ऐकायचं होतं मला. पण घरात एक खुर्ची आणि दारात पाहुणा असला तर खुर्चीत कोण बसतं? आळीतून जो येईल त्याला आई तिथे बसवू लागली, आणि मी भिंतीला टेकून अर्धवट बुवा ऐकत होते. शिवाय टेप चार स्पीकरांची, संच सहाचा, म्हणजे पुढचा मधला आणि तो मोठा डबा हे दोघे गप्पच राहणार. ते कुणाला पटेना. माणसं मोठ्या डब्यावर टिचक्या मारून बघत. आई म्हणाली, “सगळ्यात मोठा त्योच, नि त्योच मुका. आमच्या सासरच्यासारखा.” सरांनाही वाटलं की गिऱ्हाईक तक्रार करील, थोडे बुवा मधल्या स्पीकरला देऊ. मी नको म्हणाले. टेपवर नाही ते चकतीवर नको, आणि टेपवर आहे ते गाळायचं नाही. सर म्हणाले, ठीक, हा तुझा नियम.

मागच्या रविवारी जानकीमामी आल्या. पाहुण्या म्हणून खुर्चीत. बुवांचा यमन चालला होता. त्यात एक जागा अशी आहे की बुवा स्वर लावून थांबतात, तबला थांबतो, सगळा मांडव थांबतो, आणि नेमक्या त्या शांततेत मागच्या डाव्या कोपऱ्यातून कुणीतरी खोकतं. दोन आखूड, एक लांब. आणि वर बुवांना परवानगी दिल्यासारखं म्हणतं, “हां, चालू द्या.” मग बुवा चालू करतात. जानकीमामींनी मागे वळून बघितलं नाही. त्यांनी पटकन डोक्यावर पदर घेतला आणि ताठ बसल्या. गाणं संपल्यावर म्हणाल्या, “ह्यो आमचा मानूस.” आणि परत लावायला सांगितलं. तिसऱ्यांदा ऐकून झाल्यावर आई आतून म्हणाली, “वैनी, जिवंत होता तवा गोमादादासमोर कवा पदर घेतला नाय तुमी. पदर थोरल्या दिरासमोर घेत्यात.” त्यावर मामी म्हणाल्या, “तवा ऱ्हायला, आता घेते. तुमच्या गॅसवर काय लागलंय ते बगा.” तेव्हापासून त्या रोज येतात. बुवांचं त्यांना काही नाही. बुवा जरा हळू करता येतील का, असं त्यांनी विचारलं आहे.

मी सरांना सांगितलं की हा खोकला म्हणजे आमच्या मामींच्या घरधन्याचा आवाज आहे, तो पुसू नका. सर स्वभावाने वाईट नाहीत. पण ते म्हणाले, चकत्या पुण्याला जातील, परदेशात जातील. ऐन शांततेत असा खोकला आला की माणसं चकती खराब आहे म्हणून परत पाठवतील. मी माझा नियम सांगितला. त्यावर ते म्हणाले, “ठेवतो. पण मग त्याला नाव दे. बिननावाचा खोकला म्हंजे खराबी. नावाचा असला की लोक ऐकून घेतात.” म्हणजे पुस्तिकेत गायन, तबला, हार्मोनियम यांच्याखाली एक ओळ येणार: ‘खोकला: गोमा, शहापूर.’ आणि त्याच्याखाली, पडताळून पाहिले, संघरत्ना. नाव सोमवारपर्यंत मिळालं नाही तर त्या जागी मागचा डावा स्पीकर क्षणभर मिटवून टाकायचा. मामी विचारतात, “घातलंस काय गो नाव?” मी म्हणते, बघते. हे ‘बघते’ फार दिवस पुरणार नाही.

म्हणून विचारते. त्या गाण्याला तुम्ही गेला होतात असं आई सांगते. गोमामामा तुमच्याबरोबर होते का, आणि डावीकडच्या बांबूशी बसले होते का, एवढं आठवून कळवा. वहिनीला सांगितलंत तरी ती लिहील. घरी सगळ्यांना जयभीम. छोट्याला गोड पापा.

तुमची भाची,
संघरत्ना

ता. क. वहिनी, इथून पुढचं फक्त मामांना ऐकू जाईल असं वाच.

मामा, वर मी जे विचारलं ते मला विचारायचं नव्हतं. तो खोकला तुमचा आहे. वहिनीच्या लग्नाची कॅसेट मी काल पुन्हा बघितली. भंतेजी वंदनेला थांबले आहेत, मंडपात शांतता आहे, आणि तुम्ही दोन आखूड, एक लांब खोकून “हां, चालू द्या” म्हणाला आहात. शिवाय पहिल्या दिवशी तो खोकला ऐकून आईने आतून न बघताच एक कप बिनसाखरेचा, तुम्ही घेता तसा, चहा टाकला होता. विचारलं तर म्हणते, “मला काय ठाव, मी आपली आत होते.” (वर थंडीचं लिहिताना तुमच्या खोकल्याची चौकशी मी मुद्दाम टाळली. ती स्वार्थाने केल्यासारखी झाली असती.) मामींना हे सांगायची माझी हिंमत नाही, आणि खोटं नाव छापून त्याखाली माझं नाव घालायचीही नाही. तीन दिवस विचार केल्यावर एकच सरळ वाट दिसते. वस्तू ज्याची आहे त्याने ती दुसऱ्याला राजीखुशीने दिली की ती दुसऱ्याची होते. तेव्हा तो खोकला तुम्ही गोमामामांना द्याल का? ‘शहात्तर सालच्या गाण्यातला माझा खोकला मी माझा धाकटा चुलतभाऊ गोमा यास कायमचा दिला आहे’ एवढं वहिनीकडून लिहून घ्या, आणि खाली तुमची सही करा. म्हणजे ‘खोकला: गोमा’ हे मला पडताळून पाहिलं असं म्हणता येईल. तुमच्याकडे बाकीचे आहेतच.

ता. क. २. पाकीट चिकटवताना जानकीमामी आल्या आणि कुणाला लिहितेस म्हणाल्या. मला खोटं बोलता येत नाही, मी सगळं सांगितलं. त्या शांतपणे सुपारी कातरत राहिल्या. मग म्हणाल्या, “बाळारामदादाचा हाय, ते मला पयल्याच दिवशी कळलं. आमचा मानूस गान्याला जातो सांगून निघायचा, नि बसायचा कुठं ते सगळ्या शहापुराला ठाव होतं. उभ्या जन्मात एक गानं नाय ऐकलंन. आता घाल त्याचं नाव, बसू दे त्याला त्या बांबूपाशी. आता उठून जाता यायचं नाय.” तेव्हा सही हवीच आहे, लवकर पाठवा. मात्र त्यांची एक अट आहे. खोकल्यानंतरचं ते “हां, चालू द्या” काढून टाकायचं. आमचा मानूस कुणाला चालू द्या म्हणणारा नव्हता, असं त्या म्हणतात. माझ्या नियमाप्रमाणे टेपवरचं काही काढता येत नाही. पण तुम्ही दिलात तो फक्त खोकला, ते शब्द अजून तुमचेच आहेत. तेव्हा ते तुम्ही परत घेतलेत, असंही त्याच कागदावर एक ओळ टाकून कळवा.