तुम्ही काढायला लावलेलं जावा

आप्पा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी मी तुमच्यावर चिडलेलीच आहे. आज ऑफिसात एका कॉम्प्युटरवरून जुनं जावा काढत होते आणि तो सगळा राग परत वर आला.

बुधवाऱ्याच्या बाजारात खाली आपलं साड्यांचं दुकान, वर घर. दुकानात कॉम्प्युटर आला तेव्हा तुम्हीच मला क्लासला घातलंत. तिथं मी जावा ही प्रोग्रामिंगची भाषा शिकले आणि तिच्यात दुकानासाठी एक प्रोग्राम लिहिला. रंग टाकला की साडी कुठल्या कप्प्यात आहे ते दिसायचं. गिऱ्हाइकांना तुम्ही ते मुद्दाम दाखवायचात. मग त्याच जावाच्या जोरावर मला इंदूरला नोकरी लागली, आणि तुम्ही फिरलात. "एकटी पोरगी तिकडं राहणार? हे खूळ त्या मशीनमधूनच निघालं पाहिजे." दुसऱ्या कुणाला बोलावलं नाहीत. मलाच बसवलंत आणि शेजारी स्टूल ओढलंत.

मी कंट्रोल पॅनलमधून जावा काढते. "झालं?" तुम्ही विचारता. मी म्हणते, "नाही, मागं फोल्डर राहतो." तो पुसते. "आता?" कॉम्प्युटर जावाला जिथं शोधायला जातो, तो पत्ता अजून आत असतो, तोही खोडते. दारातून आई म्हणते, "अहो, बस करा ना, रडतेय ती." "रडू दे. पक्कं निघालं काय?" मी कमांडच्या काळ्या खिडकीत जावा टाइप करते. हा शब्द मला माहीत नाही, असं कॉम्प्युटर सांगतो. तेव्हा कुठं तुम्ही उठलात.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक गादीवर बसलेलं, आणि तुमची हाक, "बेटा, ते साडीवालं चालू का नाही होत?"

"ते जावातच लिहिलं होतं, आप्पा. परत टाकू?"

तुम्ही शिडी लावलीत. गुडघे धरलेले असतानाही शेवटपर्यंत चढत राहिलात, कप्पे हातानं उपसत राहिलात, पण 'परत टाक' एवढं तुमच्या तोंडून निघालं नाही. इंदूरची नोकरी राहूनच गेली. मी लग्नानंतर, मुलगी शाळेत जायला लागल्यावर, सगळं पहिल्यापासून शिकले. मधली वर्षं कुणाकडे मागू?

हे मी कुठं पाठवणार! पण एक खरं आहे. फोल्डर तसाच ठेवला असता तर तुम्हाला कधी कळलंही नसतं. मी कोपरान् कोपरा साफ केला, कारण तुम्ही शेजारी बसून बघत होतात, आणि तुम्ही शाब्बास म्हणावं असं मला तेव्हाही वाटत होतं.