मुद्दाम चुकलेली उत्तरं

१४ सप्टेंबर

प्रिय ताई,

नमस्कार. नीट पोचलीस ना? मावशीचा गुडघा कसा आहे? इथे तुझी कॉट रिकामी आहे. वॉर्डनबाई रोज विचारतात, मी रोज 'येईल ती' म्हणून सांगते.

चाचणीत मी वर्गात पहिली आले. बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, 'बघा, शून्यापासून सुरुवात केलेली मुलगी!' अभिनंदन नको करूस. आधी पुढचं वाच.

प्रवेशाच्या वेळची ती परीक्षा आठवते? प्रोग्रामिंग किती येतं ते बघून वर्ग ठरवणारी. सगळ्यांत कमी गुणांच्या तीस जणांना पायाचा वर्ग, बाकीचे थेट पुढच्या. तू कागदावर चौकोन काढून, एकेक आकडा खोडत, लूपमधली तीच सूचना किती वेळा फिरेल ते मोजत होतीस. कॉम्प्युटरला कधी हात न लावता वीसपैकी सहा! मला पाच. घरी सगळे हसले, 'तीन वर्षं क्लासला जाऊन हे दिवे लावले!' माझी बाजू तू एकटीनं घेतलीस.

ताई, मला अठरा तरी येत होती. मी मुद्दाम चुकले. सोप्या वर्गात पहिलं यायचं होतं, बस. यादी लागली. तिसावी मी, एकतिसावी तू.

मग तू पुढच्या वर्गात गटांगळ्या खात राहिलीस. रोज म्हणायचीस, 'माझं डोकंच नाही गं यातलं.' मी मूग गिळून तुला उत्तरं लिहून द्यायचे. चार वर्षं मावशीचं आजारपण काढून तू शिकायला आली होतीस. तू सामान बांधलंस, तेव्हा बॅगेची चेन लावायलाही मीच बसले. मला स्वतःची फार लाज वाटते.

बाईंना सांगायला तीनदा गेले, तिन्ही वेळा शाबासकी घेऊन परत आले. आज सगळं लिहून कागदच त्यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाल्या, 'सोमवारपर्यंत तिला बोलाव. जागा तिचीच आहे.' माझं काय, हे विचारायचा धीर झाला नाही.

ये. माझ्याशी बोललीच पाहिजेस असं नाही. पण डोकं नाही असं पुन्हा म्हणू नकोस. तुझी सहाच्या सहा उत्तरं खरी होती. माझं एकही नव्हतं.

तुझी म्हणवून घ्यायला आज जीभ अडते, तरी तुझीच,
धाकटी