डबा परत न्यायला

४ नोव्हेंबर
सुनंदाला जाऊन आज चौदा दिवस. काल तेरावं झालं. सकाळी सहाला पाणी आलं, सव्वासहाला गेलं. दोन पिंपं भरली. मेहुणी चिपळूणला परत गेली. मंडपवाला खुर्च्या घेऊन गेला.

दुपारी स्वयंपाकघर आवरलं. शेजाऱ्यांची भांडी ज्याची त्याला पोचवली. एक स्टीलचा डबा उरला. पहिल्या दिवशी कोणीतरी त्यातून पिठलं-भात आणला होता, कडू घास म्हणून. कोणी, ते आठवत नाही. झाकणावर नाव कोरलेलं आहे, पण चष्मा सापडेना. ठेवून दिला.

नाक्यावर सु.च्या पक्षाने श्रद्धांजलीचा बॅनर लावला आहे. दिनेशचा फोटो सु.पेक्षा मोठा. तिचा फोटो कुठल्यातरी मोर्च्यातून कापून घेतलाय. घोषणा देतेय, तोंड उघडं आहे. श्रद्धांजलीला तोंड उघडं.

६ नोव्हेंबर
दिनेश आला होता. बरोबर पूजा नावाची मुलगी, लॅपटॉप घेऊन. पक्षाने पुण्याहून पाठवली आहे.

दिनेश सु.च्या हाताखाली तयार झाला. दोनदा नगरसेवक झाला, मागच्या वेळी पडला, तोही वाईट पडला. आता वॉर्डात पक्षाला कोणी विचारत नाही, आणि निवडणूक तोंडावर आली आहे.

"काका, लोक परत कसे आणायचे ते ताईंनाच माहीत होतं. त्यांची यादी द्या."

यादी म्हणजे मतदारयादी, सु.ने पेन्सिलीने खुणा केलेली. दर निवडणुकीला नवी यादी आली की जुन्या खुणा मी नवीवर उतरवायचो. माझं अक्षर बरं म्हणून. ती दारोदार फिरायची, मी एकदाही गेलो नाही. मला लोकांच्या बेल वाजवणं जमत नाही.

पूजाने पानापानाचे फोटो काढले आणि यादी परत दिली. खुणा बघून म्हणाली, "सिंपल आहे सर. पा म्हणजे पाठिंबा. दु म्हणजे दुसऱ्यांचे. दु-वाल्यांवर टाइम घालवायचा नाही."

"ताई एकदम सिस्टिमॅटिक," दिनेश म्हणाला. "काका, बरोबर ना?"

मी चहा टाकायला आत गेलो.

पा म्हणजे पाणी. ज्या घरी नळाला पाणी येत नाही ते घर. दु म्हणजे दुःख. ज्या घरी माणूस गेलं ते.

सांगायला हवं होतं. पण सु. गेली त्या दिवशी दिनेश दहा मिनिटं आला होता आणि त्यातली आठ फोनवर होता. ते मनातून जात नाही.

९ नोव्हेंबर
यादीत सु.चं नाव अजून आहे. माझ्या खालीच. पेन्सिलीला तिने दोरा बांधला होता, गळ्यात अडकवायला. टोक मोडलेलं. तसंच राहू दिलं.

भूक नाही. पाव आणि चहा.

१३ नोव्हेंबर
दिनेशचा फोन. "अहो काका, काय हे! पा-वाल्यांकडे जाऊन आम्ही पाठिंब्याबद्दल आभार मानत सुटलो. त्या मागच्या बिल्डिंगमध्ये एका बाईने रिकामी बादली माझ्या हातात दिली. म्हणते, आधी ही भरून आणा, मग आभार माना. पूजा तर जिन्यातूनच पळाली."

हसू आलं. सु. गेल्यापासून पहिल्यांदा. तिला सांगावं म्हणून आत वळलोसुद्धा.

मग त्याला सांगितलं, पा म्हणजे पाणी. तो म्हणाला, "हे आधी बोलायचं ना राव." दुचं त्याने विचारलं नाही. मीही...

१५ नोव्हेंबर
लिफ्टपाशी बी विंगमधले सावंत भेटले. त्यांचा मुलगा गेल्या महिन्यात अपघातात गेला, सत्तावीस वर्षांचा. तेव्हा सु. हॉस्पिटलमध्ये होती. तिथून तिने मला सांगितलं होतं, यादीत सावंतांपुढे खूण करा आणि डबा द्या नेऊन. खूण केली. डबा नाही नेला. तिथे जाऊन काय बोलतात ते मला माहीत नाही. तिला मात्र 'हो, दिला' म्हणालो.

सावंत म्हणाले, "परवा तुमच्या पक्षाची माणसं आली होती आमच्या विंगमध्ये. वरच्या घरी गेली, खालच्या घरी गेली. आमचं दार तेवढं सोडलं. मिसेस दार उघडून उभी होती. तिला वाटलं, आता येतील." मग म्हणाले, "ताई असत्या तर... जाऊ द्या. तुमचंही दुःख ताजं आहे."

लिफ्ट आली, ते गेले. मी जिन्याने वर आलो.

ते दार माझ्यामुळे सुटलं. सु.च्या खुणेने तिच्याच माणसांना त्या दारावरून पुढे पाठवलं, आणि मला ते माहीत होतं.

१६ नोव्हेंबर
चष्मा देवघराच्या ड्रॉवरमध्ये मिळाला. डब्यावर कोरलंय: श्री. बाळकृष्ण जोमा पाटील, चंदनसार.

यादीत शोधलं. गावठाणातलं जुनं घर. बाळकृष्ण गेले त्याला तीन वर्षं झाली, पण गेलेल्यांची नावं यादीतून लवकर जात नाहीत. नावापुढे दु, त्याला गोल. गोल म्हणजे डबा परत आला. खाली हिराबाई बाळकृष्ण पाटील. तिच्यापुढे फुली. फुली म्हणजे आता मत आपल्याला नाही.

मत दुसरीकडे गेलं आणि कडू घास इथे आला.

१८ नोव्हेंबर
डबा घासून-पुसून हिराबाईंकडे गेलो. दारात पाच मिनिटं उभा होतो. बेल नव्हतीच. त्यांनीच आतून पाहिलं.

"या भाऊ. अगं बाई, डबा कशाला आनलात? मी येनार होते ना न्यायला!"

मी म्हणालो, तुम्हाला कशाला त्रास.

"तरास कसला? तुमच्या बायकोनंच शिकवलंय. आमचा मानूस गेला तवा डबा घेऊन आली. मला वाटलं, आता मत मागेल. काय नाय. डबा ठेवला नि गेली. धा दिवसांनी रिकामा डबा न्यायला आली, ती दोन तास बसली. मी म्हटलं, ताई, पोरीकडं पाठवला असता. तर म्हनते, डबा पाठवलास तर मी बसू कुठल्या निमित्तानं?" त्या थांबल्या. मग जरा रागानेच म्हणाल्या, "आता तुम्ही आनून दिलात. मी कुठल्या निमित्तानं येऊ तुमच्याकडं?"

त्यांनी चहा दिला. त्यात आलं जास्त होतं.

मग मी विचारलं, मत का बदललंत. मी विचारलं याचं मलाच नवल वाटलं.

"बदललं, पन तिला सांगून बदललं. पावसात गल्लीत गुडघाभर पानी भरतं. तुमचा दिनेश निवडून आला नि फिरकला नाय. मी तिला तोंडावर बोलले. ती म्हनली, तुझं बरोबर हाय. नि चा पिऊन गेली. पुढच्या आठवड्यात परत आली, काय झालंच नाय अशी."

निघताना त्यांनी डबा माझ्या पिशवीत परत टाकला. "ऱ्हाऊ दे. मी येन न्यायला."

सावंतांचं त्यांना सांगितलं होतं. म्हणाल्या, "उशीर झाला तर झाला. जा."

२० नोव्हेंबर
दिनेशच्या ऑफिसात गेलो, यादी घेऊन. तो होता, पूजा होती. उभ्यानेच सांगितलं. दु म्हणजे दुःख. गोल म्हणजे सु. स्वतः जाऊन रिकामा डबा घेऊन आली.

पूजाने लॅपटॉप अर्धा मिटला. "म्हणजे आम्ही नेमकी तीच घरं सोडली."

"हो. मला पहिल्याच दिवशी माहीत होतं. मी बोललो नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. काही म्हणाली असती तर बरं झालं असतं.

दिनेश पानं उलटत होता. स्वतःच्या नावापाशी थांबला. तिथे काय आहे ते मला माहीत होतं, ती खूण मीच उतरवली होती. त्याची आई गेली त्या वर्षीची.

"ते पिठलं... मला वाटलं मामीने आणलं होतं."

"सु.ने."

"आणि नंतर ताई येऊन बसल्या होत्या. मला वाटलं, तिकिटाचं बोलायला आल्यात. मीच विषय काढला तिकिटाचा."

फोन वाजला. त्याने कापला. परत वाजला, परत कापला. मग एकदम सरसावून बसला. "काका, आयडिया. प्रत्येक दु-घरी पक्षातर्फे डबा. झाकणावर चिन्ह छापून घेऊ."

मी म्हणालो, नको. एवढ्या मोठ्याने म्हणालो की बाहेरची माणसं डोकावली.

"मग काय करू? तुम्हीच सांगा."

"सावंतांकडे जा. डबा नको, कार्यकर्ते नकोत. मताचं बोलू नकोस. बस."

"नुसता बसू? काका, वीस दिवस राहिलेत. वीस दिवसांत नुसतं..." पुढे बोलला नाही. यादीवरची ती खूण बोटाने चोळत होता. पुसली जाईल म्हणून मी यादी ओढून घेतली.

"बघतो," म्हणाला.

सु. म्हणायची, दिनेशचं 'बघतो' म्हणजे... आणि हसायची. पुढचं वाक्य कधी ऐकलं नाही.

२३ नोव्हेंबर
दिनेश सावंतांकडे गेला की नाही, माहीत नाही. त्याचा फोन नाही. पूजाचा मेसेज आला: 'काका, दुची घरं वेगळी काढलीत. मी स्वतः एका घरी जाऊन आले. काय बोलायचं कळलं नाही.' मी उत्तर लिहिलं, 'मलाही कळत नाही.' पाठवलं.

नाक्यावरचा बॅनर उतरवला. तिथे आता कोणाचा तरी वाढदिवस आहे.

सकाळी पेन्सिलीला टोक केलं. यादीत आमच्या घरापुढे दु लिहिला. गोल नाही केला. हिराबाई यायच्या आहेत.

मग फळीवरून सु.चा डबा काढला, तिच्या नावाचा. सावंतांच्या मुलाला जाऊन दीड महिना होत आला, आता कडू घास कसला. तरी. कांदा चिरला, फोडणी केली. बेसन आधी पाण्यात कालवून घ्यायचं असतं, मी कोरडंच टाकलं. गुठळ्या झाल्या. चमच्याने एकेक फोडली. सगळ्या नाही फुटल्या. तिथे काय बोलायचं याचा विचार करत होतो, काही सुचलं नाही.

कुकरची एक शिटी झाली आहे, अजून दोन व्हायच्या आहेत. तेवढ्यात हे लिहिलं.

झाल्या. गॅस बंद केला, डबा पुसून घेतला.