माशा घरी का परतल्या नाहीत

मी, दाक्षायणी बसलिंगप्पा कोनापुरे, वय चौऱ्याहत्तर, अविवाहित, निवृत्त कीटकशास्त्रज्ञ, राहणार भवानी पेठ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. बुद्धी ठिकाणावर आहे. हल्ली दुपारी डोळा लागतो आणि डाळिंबाच्या बागा स्वप्नात येतात. पण जागी झाल्यावर वार, तारीख आणि दूधवाल्याचे नाव मला बरोबर सांगता येते. डॉ. रेश्मा शेख यांनी तपासून दिलेला दाखला सोबत जोडला आहे. स्वप्नांचेही मी त्यांना सांगितले. त्या हसून म्हणाल्या, "मॅडम, अच्छे ख्वाब आ रै तो आने देव की."

यापूर्वीचे मृत्युपत्र मी रद्द करते. त्यात राहते घर माझा धाकटा भाऊ प्रभु यास दिले होते. ते का बदलले, हे पुढे येईल.

१. माझ्यावरील दावा. मिळकतीत हाच आधी लिहिते, कारण घराच्या भिंतींपेक्षा तो जास्त टिकेल असे दिसते. डाळिंबावर फवारायचे औषध विकणाऱ्या एका कंपनीने माझ्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला आहे. वकील सांगतात, मी गेल्यावर तो माझी मिळकत घेणाऱ्यावर चालेल. तेव्हा घेणाऱ्याला हकीकत ठाऊक असलेली बरी.

मी नोकरीत असताना करमाळ्याकडे डाळिंबाची फूलगळ फार वाढली होती. ती का होते हे पाहायला आमच्या संशोधन केंद्राला याच कंपनीने पैसे दिले. माझे सहकारी आदिनाथ आणि मी, आम्ही जोतीराम नावाच्या बागायतदाराकडे मधपेट्या ठेवल्या. त्यांच्या एका बागेत ते औषध फवारले जाई. दुसरी बाग लांब, ओढ्यापलीकडे, तिथे फवारत नसत. माशीच्या पाठीवर रंगाचा बारीक ठिपका द्यायचा, तिला सोडायचे आणि पेटीपाशी बसून वाट पाहायची, आणि माशी कोणत्या फुलावर कधी जाते, किती वेळ बसते तेही टिपायचे, हे आमचे काम. ओढ्यापलीकडच्या माशांना पिवळा ठिपका, फवारलेल्या बागेतल्यांना निळा.

त्या दुपारी मला अजून दिसतात. डाळिंबाच्या आंबे बहाराची लालभडक फुले. ऊन इतके पांढरे की झाडांच्या सावल्यासुद्धा विरघळल्यासारख्या. आणि हवेत तो एकसुरी गुंजारव, ज्यात आपण जागे आहोत की नाही हेच कळेनासे होते. पिवळ्या ठिपक्याच्या माशा उन्हातून तरंगत येत आणि पेटीच्या दारात उतरत. निळ्या ठिपक्याच्या जात, आणि बहुतेक येतच नसत.

"मॅडम, मेल्या असत्या तर पडलेल्या दिसल्या असत्या की," जोतीराम म्हणाले. "ह्या गेल्या कुटं?"

मग एके दिवशी एक निळी दिसली. बांधावरच्या कडुलिंबाभोवती फिरत होती. पेटी हाकेच्या अंतरावर होती. ती खाली यायची, थबकायची, परत वर जायची. फिरत फिरत उंच गेली, आणखी उंच, आणि उन्हातच मिसळून गेली.

"वाट विसरली," मी म्हणाले. जोतीरामांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

पुढच्या बहारातही तेच झाले, त्याच्या पुढच्याही. अहवाल मात्र वेगळाच छापून आला. 'हवामानातील बदलामुळे माशांची संख्या घटली असून फूलगळ त्यामुळे होते.' औषधाचे नावही नव्हते. आमच्या करारात एक ओळ होती, की सर्व निरीक्षणांची मालकी पैसे देणाऱ्याची राहील. आदिनाथ यांनी अहवालावर सही केली. मी केली नाही. मला माशांवरून काढून कोठारातल्या धान्यकिडीवर बसवले, आणि मी तक्रारी लिहीत राहिले, ज्यांची उत्तरे आली नाहीत. निवृत्त झाल्यावर करमाळ्यात बागायतदारांच्या सभेत मी सगळे उभे राहून सांगितले. कंपनीच्या मालकीची माहिती मी उघड केली, असा हा दावा आहे. माहिती खोटी आहे असे त्यात कुठेही म्हटलेले नाही, ही गोष्ट वारसाने ध्यानात ठेवावी.

२. राहते घर, गच्ची आणि घरातील पुस्तके मी माझी भाची श्रीदेवी, प्रभुची मुलगी, हिला देते.

श्रीदेवी पुण्यात याच कंपनीत इंजिनिअर होती. तिथे एक यंत्र तयार झाले. झाडांच्या ओळींमधून ते आपले आपण चालते, उमललेले फूल ओळखते आणि त्यावर पराग फुंकते. कंपनीने त्याचे पेटंट घेतले आहे. गेल्या वर्षी सुट्टीला आली तेव्हा ती मोबाइल घेऊन माझ्याजवळ बसली.

"आत्या, बघ तरी. फूल उमललंय की नाही ते त्याला कळतं. त्याचा डोळा मी केलाय."

चित्र खरेच सुंदर होते. यंत्र फुलापाशी येई, किंचित झुके, थांबे, जणू झोपेत चालणारे कुणी. बागेत गुंजारव नव्हता.

"कोणत्या वेळी फुंकायचं, हे त्याला कुणी शिकवलं?" मी विचारले.

"कंपनीकडं जुनी निरीक्षणं होती. माशी कोणत्या फुलावर कधी जाते, किती वेळ बसते. फार निगुतीनं केलेलं काम आहे गं. पण कुणाचं नावच नाही त्यावर."

मी तिच्या ताटात भाकरी वाढली, शेंगांची चटणी वाढली. मग सांगितले, की ती निरीक्षणे आमचीच, आणि पुढचे सगळेही. तिच्या वडिलांनी दाव्याचे तिला काहीच कळू दिले नव्हते. ती जेवायची थांबली.

"म्हणजे माझं यंत्र वाईट आहे?"

"नाही गं. यंत्र देखणं आहे. पण माशा घालवणारं औषध विकणारे आणि माशांच्या जागी चालणारं यंत्र विकणारे एकच असले, तर माशा का गेल्या हे शोधायचं कुणाला पडलंय?"

परत गेल्यावर तिने ऑफिसात विचारले. तुमचं काम डोळ्यापुरतं, असे तिला सांगण्यात आले. तिने पुन्हा विचारले, लेखी. नंतर तिला त्या कामावरून हलवले, आणि तिने राजीनामा दिला.

त्याच सुमारास प्रभु कंपनीच्या एका साहेबांना घेऊन माझ्याकडे आला. त्यांची मागणी अशी, की माझे निष्कर्ष म्हणजे केवळ अंदाज होता, असे मी लिहून द्यावे. मग ते दावा मागे घेतील आणि श्रीदेवीला परत बोलावतील.

"अक्का, सही कर की," प्रभु म्हणाला. "पोरीचं बरं होईल. माशांचं काय घेऊन बसलीस या वयात?"

"अंदाज नव्हता रे तो."

"मला कळत नाही का ते? पण कळून काय करायचं?"

मी सही केली नाही. पोरीच्या नोकरीचा घास आपण गिळला, असे त्या दिवशी मला वाटले, आणि अजून कधी कधी वाटते. दिवाळीपासून प्रभु माझ्याकडे आलेला नाही.

दाव्यासकट घर घेऊ नकोस, असे मी श्रीदेवीला समजावले. विकून टाकते, पैसे घे, म्हटले. ती म्हणाली, "दावा माझ्या नावावर येऊ दे, आत्या. डोळा मी केलाय. मग मलाच दिसायला नको का?" म्हणून हे कलम. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

३. माजघरातला झोपाळा प्रभुने न्यावा. घर न दिल्याचा त्याला राग येईल, तो येऊ द्यावा. श्रीदेवीने मात्र त्याच्याशी बोलणे सोडू नये. त्याने जे केले ते बापाने करावे तसेच केले.

४. गच्चीवरच्या मधपेट्या जोतीराम यांना. त्यांनी आता औषध बदलले आहे. आज ते साक्षीला म्हणून करमाळ्याहून आले, पण ज्याला काही मिळायचे त्याला साक्षीदार होता येत नाही, असे वकिलांनी सांगितले. "बरं की, मी हितं पायरीवर बसतो," ते म्हणाले. लिहिताना मला खिडकीतून त्यांची पाठ दिसते आहे.

५. आदिनाथ यांना काही देत नाही. गेल्या उन्हाळ्यात ते येऊन गेले. "दाक्षायणीबाई, तुमचं खरं होतं," म्हणाले. कोर्टात बोलाल का, विचारले, तर चहा अर्धा ठेवून चपला शोधू लागले. त्यांच्यावरचा माझा राग मी कोणालाही वारशाने देत नाही. तो माझ्याबरोबर संपेल.

६. आमच्या लिंगायत रीतीप्रमाणे मला बसवून पुरावे, कपाळाला विभूती लावावी. भाषणे नकोत. परवाच्या स्वप्नात मी अशीच बसले होते, ओढ्याकाठी, आणि माझ्या पाठीवर कुणीतरी हलक्या हाताने ठिपका देत होते. कोणता रंग, ते दिसले नाही. भीती वाटली नाही.

७. आता शेवटची मिळकत. कंपनीच्या त्याच करारात पुढे मला मासिक, परिषद, सभा आणि वर्तमानपत्र यांत बोलायला मनाई आहे. मृत्युपत्राचा त्यात उल्लेख नाही. वकिलांनी दोनदा वाचून पाहिले. तेव्हा लिहून ठेवते: डाळिंबावर ते औषध फवारल्यानंतर माशा जागच्या जागी मरत नाहीत, त्या घरची वाट विसरतात, आणि म्हणून फूल गळते. हे मी पाहिले आहे. हे वाक्य मी करमाळा, सांगोला, पंढरपूर आणि जिथे जिथे डाळिंब आहे तिथल्या प्रत्येक बागायतदाराला समान हक्काने देते. ते कोणीही उच्चारावे, तपासून पाहावे, चुकीचे निघाले तर दुरुस्त करावे. त्यासाठी कोणाची परवानगी घेऊ नये. माझीसुद्धा.

वरील सर्व वाचून, समजून सही करते.

(सही) दाक्षायणी बसलिंगप्पा कोनापुरे

दाक्षायणीबाईंनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली. सही करताना त्यांचा हात स्थिर होता.

साक्षीदार:
(सही) डॉ. रेश्मा शेख, सोलापूर
(सही) कल्लप्पा म्हेत्रे, शेजारी, भवानी पेठ

ठिकाण: सोलापूर
दिनांक: १८ फेब्रुवारी २०२५