चार न्यूट्रॉन जास्तीचे

अनसिंग

प्रिय निकी,

माझा स्कॅन कोरा आला म्हणून परवा तू पुण्याहून फोनवर आनंदानं रडलीस, आणि मी नुसती ‘हो ना, हो ना’ करत बसले. फोन ठेवला आणि स्वतःचाच राग आला. म्हणून हे पत्र. फोनवर माझा आवाज फुटतो, आणि आईचे कान तर तुला माहीतच आहेत.

आई सध्या हवेत आहे बाई. डॉक्टर म्हणाले, ‘स्कॅनमध्ये काहीच दिसलं नाही,’ तशी ती हात जोडत बाहेर पळाली. पुढचं वाक्य मी एकटीनं ऐकलं. गावात आल्या आल्या तिनं पेढे वाटले, शेजारच्या चंदाबाईला दारातूनच ओरडून सांगितलं, ‘काईच नाई निघालं वं माह्या पोरीले!’ औषधाआधी मला आयोडीनचं मीठ बंद होतं, तर ही माउली माझ्यासोबत अळणी भाजी खात होती. डॉक्टरांच्या पथ्याचं तिनं व्रत करून टाकलं. आता म्हणते, देव पावला. मीही गुपचूप पेढा खाल्ला.

मालेगावच्या कॉलेजात अकरावीला समस्थानिकं शिकवताना मी दरवर्षी आपलंच उदाहरण देते. एकाच घरच्या दोघी बहिणी, आडनाव तेच, वजन तेवढं वेगळं. जड कोण ते सांगत नाही, रागावू नको. साध्या आयोडीनमध्ये चौऱ्याहत्तर न्यूट्रॉन, मला औषध म्हणून दिलं त्यात अठ्ठ्याहत्तर. चारच जास्त, पण तेवढ्यानं ते अस्थिर होतं, किरण सोडतं आणि जिथं बसेल तिथलं जाळतं. थायरॉइडच्या पेशीला दोघांतला फरक कळत नाही. ती साधं समजून खाते आणि मरते.

पण खाईल तर ना! माझ्या कॅन्सरनं आयोडीन खाणंच सोडलंय. आयोडीन खाल्लेल्या पेशीच स्कॅनमध्ये उजळतात, म्हणून तो कोरा. छातीत गाठी आहेत, रक्तातला कॅन्सरचा आकडा वाढतोय, फक्त त्या गाठी उजळल्या नाहीत. ‘काहीच दिसलं नाही’चा अर्थ हा आहे, निकी. गोळ्यांनी थोडं लांबवता येईल म्हणाले. बरं होण्याचं ते बोलले नाहीत, मीही विचारलं नाही. कशातच मन लागत नाही गं. वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी राहते, पोरांना वाटतं मॅडम सूत्र आठवताहेत. आई हौसेनं लोणचं वाढते, मी ते ताटाच्या कडेला सारते.

काल आई म्हणाली, ताई बरी झाली म्हणून तू जर्मनीची नोकरी घेतलीस, तिकीटही काढलंस. मी सगळ्यांसमोर म्हटलं, जाऊ द्या तिला, तिचं भलं होऊ द्या. मोठीनं असंच म्हणायचं असतं. पण आईला हे सांगायला माझ्याजवळ कोणी पाहिजे, आणि सांगितल्यावर तिला धरायला. माझ्या एकटीच्यानं नाही होत. जाऊ नको वं निके. मले लय भेव लागून राह्यलं.

तुझीच, घाबरलेली,
ज्योत्स्नाताई