बाळाला टोचायचं नाही

८ फेब्रुवारी १९६०, दिघे
एडनहून यांचं पत्र. परवाना झाला! कारखान्याने खोली दिली, आम्हां तिघांच्या तिकिटाचंही झालं. बोट २६ मार्चला. बाळ पोटात होता तेव्हा हे गेले, अजून त्याचं तोंड पाहिलेलं नाही. पत्रभर तेच, कोणासारखा दिसतो? काय लिहू. तुमच्यासारखाच, फक्त खाजवतो फार.
खाली ठळक अक्षरांत: प्रत्येकाचं टोचल्याचं पिवळं पुस्तक पाहिजे, लहान मुलांचंसुद्धा. देवी आणि कॉलरा. त्याशिवाय बोटीवर घेत नाहीत.
मंदा गावभर सांगत सुटलीय, आमी बोटीनं जानार. पाच वर्षांची पोर, एडन तिला ठाण्याच्या पलीकडे वाटतं.

११ फेब्रु.
तिघंही ठाण्याला गेलो, टोचायला. डॉ.नी बाळाची बाही वर केली आणि थांबले. कोपराच्या आत, गुडघ्यामागे, कानामागे, सगळं बघितलं.
"हे कधीपासून?"
"तीन महिन्यांचा होता तेव्हापासून. थंडीत वाढतं."
"इसब आहे. याला देवी टोचायच्या नाहीत."
"मग पुस्तक?"
"पुस्तकाचं राहू द्या. अशा कातडीवर लस दंडापुरती राहत नाही, अंगभर पसरते. पोर हातचं जाईल."
आमचं विचारलं. म्हणाले, तुम्ही दोघी खुशाल टोचून घ्या, पण मग खपली पडेपर्यंत बाळाला जवळ घ्यायचं नाही. तुमच्या फोडाचं पाणी त्याला लागलं तरी तेच.
मी म्हटलं, "अहो, अंगावर पितो तो."
"मग दूध तोडा."
न टोचता परतलो. वाटेत मं.ची सारखी भुणभुण, पुस्तक कुठाय, पुस्तक कुठाय.

१५ फेब्रु.
मामंजींना घेऊन मुंबईला बोटीच्या ऑफिसात. कारकून बोलायला चांगला. "डॉक्टरची चिठ्ठी आणा, आम्ही चढवू. पण तिकडचा बंदरातला डॉक्टर उतरवील की नाही ते आम्ही कसं सांगणार, बाई? नाही उतरवलं तर त्याच बोटीनं परत."
म्हणजे हे धक्क्यावर उभे, आणि मी बाळाला घेऊन वरून बघणार.
यांना सगळं लिहिलं. उत्तर यायला निदान दोन आठवडे.

१८ फेब्रु.
मामंजी ऐकत नाहीत. त्यांचा चेहरा देवीच्या वणांनी भरलेला, उजवा डोळा त्यातच गेला. पाठची बहीणही. "सुनबाय, टोचून टाक. मी देवी बघितल्यान. सुई परवडली." मी डॉ.चं सांगितलं. "डाक्तरनं बघितल्यान का घरात?"

दोन्ही बाजूंनी एकच रोग. टोचलं तर, नाही टोचलं तर.

२१ फेब्रु.
बाळाला तुर्भ्याला वन्संकडे ठेवून आले, आमच्या खपल्या पडेपर्यंत. वन्सं म्हणजे यांची बहीण हिरा. मूलबाळ नाही. नवरा मिठागरावर. शेळी बांधलीय दारात, दूध गरम करून वाटीत तयार ठेवलेलं. कधीपासून वाट बघत होत्या कोण जाणे.
"वैनी, जा आता. तो बघील तवा रडंल."
त्याने बघितलं नाही. शेळीच्या कानाशी खेळत होता.

२३ फेब्रु.
आम्ही दोघींनी टोचून घेतलं. दंडावर बारीक काट्यांची चक्री टेकवून फिरवतात. मं. रडली नाही, मला म्हणाली तू नको रडू.
रडत कुठे होते. छाती भरून आली होती. दूध. घरी येऊन मोरीत पिळून टाकलं. छाती फडक्याने आवळून बांधलीय, शेजारणीने सांगितलं म्हणून.

२८ फेब्रु.
मं.ला ताप, दंड सुजलाय. माझाही फोड टरारून आलाय. डॉ. खूश, लस उठली म्हणाले. पिवळ्या पुस्तकावर शिक्का. दोन पुस्तकं झाली.

४ मार्च
राहवलं नाही. तुर्भ्याला गेले. कुंपणाबाहेर उभी राहिले, चिंचेखाली. वन्संनी त्याला कडेवर आणलं. गाल भरलेत. कोपर सुकलंय बरंच, खोबरेल लावतात. "बाला, ती बघ कोन!" त्याने बघितलं आणि त्यांच्या मानेत तोंड घातलं.
ऊन होतं. ओळखलं नसेल.

९ मार्च
यांचं उत्तर. मंदाला घेऊन ये. बाळाला हिराकडे राहू दे, कातडी बरी झाली की टोचून पुढच्या वर्षी आणू. परवाना एकदा गेला की परत मिळेल असं नाही. "मला काय त्याला बघायचं नाही असं वाटतं का तुला?" ही ओळ खोडून परत लिहिलीय.
चुकीचं काही लिहिलेलं नाही. म्हणूनच

१०
कालचं पुरं करता आलं नाही. वन्संना सांगितलं, वर्षभर बाळ तुमच्याकडेच.  त्यांनी पदराने त्याचं नाक पुसलं. त्यांच्या तोंडावर आनंद दिसला आणि मला तो बघवला नाही. त्यांनीही लगेच मान खाली घातली.

१४ मार्च
काल होळी. गाव नाचत होतं. मं. पोरींबरोबर होळीभोवती फिरली, मी दारात बसून. एडनला होळी असते का, विचारत होती.
आज दुपारी वन्संचे यजमान धापा टाकत आले. तुर्भ्याला खडीच्या खाणीवरच्या झोपड्यांत देवी आल्यात. दोन पोरं गेली. त्यातल्या एकाची आई वन्संकडे शेळीचं दूध न्यायला यायची.
परवापर्यंत येत होती.

१५ मार्च
पहाटेच तुर्भ्याला, तिथून वन्सं, बाळ, मी ठाण्याला. डॉ.नी त्याची कोपरं, गुडघे बघितले. मग म्हणाले, "आता टोचायलाच हवं."
वन्सं उसळल्या. "तवा नको बोलला, आता टोच बोलता? पोर काय खेळनं हाय?"
डॉ. चिडले नाहीत. "बाई, तेव्हा देवी दारात नव्हत्या. आता आहेत. न टोचलं आणि त्याला लागण झालेली असली, तर मी काहीही करू शकणार नाही. टोचलं तर निदान वाचायची आशा आहे. कातडीही आता जरा बरी आहे."
"पसरली तर?" मी.
"पसरू शकते."
दोघंही माझ्याकडे बघत होते. वन्संसुद्धा. मी आई, म्हणून.
मी म्हटलं, टोचा.
माझी खपली अजून पुरती पडलेली नाही, म्हणून लांब उभी होते. डॉ. म्हणाले, "घ्या जवळ. आता काय फरक पडतो?"
घेतला. तो वन्संकडे हात करून रडायला लागला.

२० मार्च
दिघ्यालाच आहोत, वन्संही इथेच. फोड नीट आलाय, दंडापुरताच. मामंजी रोज सकाळी एका डोळ्याने जवळ जाऊन बघतात. मं.ने माझी आणि स्वतःची ट्रंक भरली, बाळाचं झबलंही घातलंय त्यात. मी काढलं नाही. कोण जाणे. आठ दिवसांनी दाखला लागू होतो. म्हणजे २३ ला त्याचंही पुस्तक होईल. तिघंही जाऊ शकू की काय.
असं मनात आणायला नको होतं.

२२ मार्च
रात्रीपासून ताप. कोपराच्या आतल्या घडीत पुरळ. दंडावर आहे तशीच, बारीक. दुपारी गुडघ्यामागे.

२३ मार्च, ठाणे
इस्पितळात. मान, कान. डोळे सुजून मिटलेत. त्याच्या हातांना कापड गुंडाळून बांधलंय, खाजवू नये म्हणून. डॉ. दोनदा आले. ही लसच पसरलीय की खाणीवरच्या देवी, विचारलं. म्हणाले, बहुतेक लस. बहुतेक.
"मी चुकलो असं वाटतं का तुम्हांला?" असं त्यांनीच विचारलं मला. मी बाळाच्या हाताचं कापड सारखं केलं.
डोळे मिटलेत त्यामुळे कोणाच्या मांडीवर आहे ते त्याला दिसत नाही. चमच्याने पाणी घेतो. मी काही बोलत नाही. आवाजाने ओळखेल की मी वन्सं नाही.

२५ मार्च
बोट उद्या. वन्सं म्हणाल्या, "वैनी, तू जा. मी हाय त्याच्याजवल. भावाचा परवाना जाईल." मनापासून म्हणाल्या.  मी ट्रंक उघडली नाही, बंदही केली नाही.

२७ मार्च
बोट गेली. आम्ही गेलो नाही.
मं. काल दिवसभर फ्रॉक घालून बसली होती. संध्याकाळी विचारलं, बाबा तिथे उभे राहतील का? म्हटलं, त्यांना कळवू.
बाळाचा ताप आज थोडा उतरलाय. पुरळ नवीन नाही, असं नर्स म्हणते. डॉ. म्हणतात, आजच काही सांगता येत नाही. डावा डोळा जरासा उघडला. वन्सं आणि मी दोघी वाकलो. तो बघत राहिला, रडला नाही, कोणाकडेच हात केले नाहीत.
तारऑफिसात गेले होते. यांचं नाव, पत्ता लिहिला. मग "येत नाही. बाळ". बाबू म्हणाला, बाई, पुढे? म्हटलं, अर्धीच पाठवता येईल का?
कागद घेऊन आले परत. बोट पोचायला अजून दिवस आहेत. उद्या सकाळी डॉ. येऊन गेले की पुढचा शब्द लिहीन.